पाणी नाही असा शेरा

यंदाचा श्रावणही कोरडाच चालला आहे. लातुरात हल्ली सकाळी जाग आली की आधी नळाकडे कान जातो आणि मग देवाकडे हात. गल्लीतून टँकर गेला की मागे एक ओली रेघ उमटते आणि वळणापर्यंत जाईतो वाळूनही जाते. अशा दिवसांत शाळांच्या फुटबॉल संघांच्या निवडी लागतात. पाऊस पडो न पडो, निवडीच्या तारखा पुढे सरकत नाहीत. गेल्या आठवड्यात एका तरुण प्रशिक्षक मुलीचा फोन आला. "सर, आमच्या मुलींच्या निवडीला बसाल का? तुम्ही काही करू नका, नुसतं बघायचं," म्हणाली. नुसतं बघायचं म्हणे. मी आयुष्यात कधी नुसतं बघितलेलं नाही, हे मला एका श्रावणात कळलं होतं.

मी मूळचा नायगावचा. खेळलो नांदेडात, गोदावरीच्या अलीकडच्या एका मैदानावर. नांदेडात फुटबॉल निजामाच्या काळात हैदराबादेहून आलेला, त्यामुळे तिथे बाजारात पोती उचलणाऱ्या म्हाताऱ्यालाही ऑफसाइड कळतो आणि तो ते सांगितल्याशिवाय राहत नाही. लातुरात नोकरी लागली तेव्हा मी ती सगळी ऐट बरोबर घेऊनच आलो. इथल्या पोरांना चेंडू पायाखाली कसा दाबतात तेही मीच शिकवायचं होतं, असा माझा समज होता. समज अगदीच खोटा नव्हता, म्हणून तर तो जास्त घातक ठरला.

त्या कोरड्या श्रावणात जिल्हा नवाकोरा होता. उस्मानाबादेतून वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, पण कचेऱ्यांतून जुनेच कागद चालू होते. वर छापलेल्या जिल्ह्याच्या नावावर पेनाने आडवी रेघ आणि बाजूला हाताने लिहिलेलं 'लातूर'. नव्या जिल्ह्याचं सगळंच पहिलं असतं. पहिला शिक्का, पहिली बैठक, पहिला झेंडा. तसा त्या वर्षी जिल्ह्याचा पहिला शालेय फुटबॉल संघ निघायचा होता आणि विभागाच्या सामन्यांना जायचा होता तो नांदेडला. माझ्या नांदेडला. मी तिथे कुठली पोरं घेऊन उतरतो हे बघायला माझे जुने सोबती येणार, या विचाराने मला आठ दिवस आधीपासून नीट झोप नव्हती.

निवड करणारे आम्ही दोघे. दुसरे कादरी सर, उदगीरचे. शाळेत भूगोल शिकवायचे आणि मैदानावर कमी बोलायचे. वयाने माझ्याहून मोठे, पण मला 'मास्तर' म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द शाबासकी आहे की टोमणा हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आमच्यावर लक्ष ठेवायला तिसऱ्या एक बाई. शेटे मॅडम कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. उदगीरच्या एका आडत दुकानदाराच्या घरातली ही सून, गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, हातात फळी आणि फळीला लावलेले रेघा मारलेले कागद. मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली त्या घडीची खुर्ची टाकून बसल्या.

"तुम्ही पोरांची परीक्षा घ्या सर," त्या पहिल्याच सकाळी म्हणाल्या. "मी तुमची घेते."

मी हसलो. "आमची? आम्ही काय चेंडू मारायचा की काय?"

"नाही. तुम्ही कसं ठरवता ते मोजायचंय." मग त्यांनी दुकानातली गोष्ट सांगितली. तूप तोलायचं असलं तर आधी रिकामं भांडं पारड्यात ठेवतात आणि समोरच्या पारड्यात खडे टाकून काटा मधे आणतात. त्याला धडा करणं म्हणतात. "धडा केला नाही तर गिऱ्हाईक तुपाबरोबर भांड्याचंही वजन घेऊन जातं. पोरगं पारड्यात यायच्या आधी तुमच्या पारड्यात काय काय पडलेलं असतं, तेवढंच मला बघायचंय."

कादरी सर मान हलवून म्हणाले, "बात तर सही हाय मॅडमची." मला मात्र ते झोंबलं. माझं पारडं रिकामं नाही असं कुणी तोंडावर म्हणावं, हे मला नांदेडातसुद्धा ऐकायची सवय नव्हती.

पंचेचाळीस पोरं रांगेत उभी होती. छातीवर शाईने लिहिलेल्या कागदाचे नंबर टाचणीने लावलेले. जमीन इतकी तडकलेली, की भेगांत पोरांचे अंगठे अडकत होते. चेंडूची पिशवी सोडणार एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. अजून कुणी चेंडूला पाय लावला नाही. आत्ताच्या आत्ता, नुसतं बघून, तुमचे सोळा नंबर लिहा. वाटलं तर समोर शेरा लिहा. पाकिटात बंद करून द्या. तीन दिवसांनी उघडू."

मला आनंदच झाला. ही तर माझी विद्या. पोरगं फाटकातून आत येताना खांदे कसे धरतं, टाच आधी टेकवतं की चवडा, यावरून मी खेळाडू सांगत असे. स्टाफरूममध्ये त्याची कीर्ती होती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, मी म्हणालो.

"हे पाळणा न्हाई, मैदान हाय मास्तर," कादरी सर पुटपुटले आणि पाठ करून लिहायला लागले.

पहिलं नाव मी एका उंच पोराचं लिहिलं. नंबर अकरा. रांगेत उभ्या उभ्या पायाच्या बोटांनी त्याने एक खडा उचलून झेलला होता, अगदी नांदेडच्या मैदानावर आम्ही करायचो तसा. माझे सोळा भरत आले तेव्हा फाटकातून एक सायकल आत आली. एक बुटका, रुंद मनगटांचा मुलगा उतरला. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले, खांदे खाली. सायकलच्या कॅरिअरला सुंभाची दोरी गुंडाळलेली होती. ती ओली होती. त्या दिवसांत अख्ख्या गावात ओलं असं काही दिसत नव्हतं, म्हणून ती माझ्या डोळ्यांनी टिपली. डोक्याने मात्र टिपली नाही. मॅडमनी त्याला शेहेचाळीस नंबर लावला आणि मी कागदाच्या तळाशी लिहिलं : "४६. उशिरा. पाणी नाही."

हा आमच्या धंद्यातला लाडका शब्द. तलवारीला पाणी असतं, घोड्याच्या अंगात पाणी असतं, तसं खेळाडूतही ते असावं लागतं. धमक, जिगर, जे काय म्हणाल ते. 'पोरगं चांगलं हाय पण पाणी न्हाई,' एवढं एकदा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. ते कशाने मोजायचं असतं हेही कुणी विचारत नसे.

त्या मुलाचं नाव मन्मथ. नववीतला, गावातलाच. त्याचं नाव मला दुपारी कळलं, जन्मतारखांच्या गोंधळात. वयोगटात जी पोरं चार-सहा महिन्यांनी थोराड असतात तीच अंगापिंडाने उठून दिसतात आणि निवडली जातात, हे मॅडमना पडताळून पाहायचं होतं. त्यांनी शाळांचे दाखले मागवले आणि फळीवर मांडले. मग त्यांनी फळी माझ्याकडे वळवली. एक जून. एक जून. एक जून. मधे एखादा चुकार ऑक्टोबर, की पुन्हा एक जून.

आता हे आम्हाला काय नवं होतं? पोरगं शाळेत घालायला बाप यायचा. जन्म कधीचा विचारलं तर म्हणायचा, ज्वारी हुरड्यात होती तेव्हाचा. मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे, कान पोचला की वय बसलं, आणि शाळा जूनला उघडते म्हणून तारीख एक जून. आमच्याकडचे निम्मे लोक एकाच दिवशी जन्मलेत. मीही एक जूनचा. कादरी सरांना विचारलं तर तेही हसून म्हणाले, "मी बी त्याच रोजचा. जुळे भाऊच आपण."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एकेका पोराला बोलावून विचारलं, "कागद राहू दे. आई काय म्हणते, कधी झालास?" कुणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, कुणी उरुसातला. मन्मथ म्हणाला, "आई म्हणती येळवशीला झालो. अंबिलीचा माठ शेतात, अन् मी घरात." येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, जेव्हा अख्खं गाव रानात जेवायला जातं. म्हणजे कागदापेक्षा हा मुलगा सहा महिन्यांनी लहान. पण सामने कागदाच्या वयावर होतात. कागदाप्रमाणे त्याचं हे शेवटचं वर्ष होतं, खऱ्या वयाने अजून एक उरलं असतं. मॅडमनी हे मला शांतपणे समजावून सांगितलं. म्हणजे या मुलाला नव्या जिल्ह्याच्या संघात जागा मिळाली तर यंदाच, नाहीतर कधीच नाही, हे मला पहिल्या दिवशी दुपारीच माहीत होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे मी कितीदा तरी ते विसरल्याचं सोंग केलं आहे.

ते तीन दिवस आठवले की अजून जीभ टाळूला चिकटते. मैदानावर शिंपायला पाणी नव्हतं. एकच रांजण, त्यावर कादरी सरांचा पहारा, आणि प्रत्येकाला अर्ध्या खेळाला एक वाटी. पोरं वाटी तोंडाला न लावता वरून ओतायची आणि एक थेंब हनुवटीवर गेला तर जिभेने परत घ्यायची. चेंडू टप्पा खाई तिथे धुळीचा लोट उठे, आणि लोट बसेपर्यंत चेंडू कुणाकडे आहे ते कळत नसे. कुंपणाबाहेर पालक उभे. नवा जिल्हा म्हणजे प्रत्येक तालुक्याला आपली पोरं हवीत. कुणी लांबून नमस्कार करी, कुणी मुद्दाम आपल्या पोराचं नाव घेऊन हाक मारी. मी कुणाकडे बघत नव्हतो. वशिल्याला मी कधी भीक घातली नाही आणि त्याचा मला फार अभिमान होता. वशिला नसला की माणूस स्वच्छ असतो, असं तोवर मला वाटायचं.

मन्मथ दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, पण तसाच, खांदे ओढलेला. मध्यभागी खेळायचा. फार पळत नसे. चेंडू आला की क्षणभर थांबून तो सगळ्यांत मोकळ्या पोराकडे द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी यायचा. एकदा दोघं अंगावर आले तसा त्याने चेंडू मागे, आपल्याच बचावपटूकडे ढकलला. मी वहीत लिहिलं : "घाबरतो." पुढच्याच डावात अकरा नंबरच्या उंच पोरावर तीच वेळ आली. त्यानेही चेंडू मागे दिला. मी लिहिलं : "समज आहे." दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरात, एकाच पानावर, मधे चार ओळींचं अंतर.

लिंबाखाली मॅडम प्रत्येक चेंडूला एक बारीक रेघ ओढत होत्या. नजर वर, हात खाली. त्या रेघांचा मला राग येऊ लागला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सोळा जणांची यादी केली. कादरी सरांनी आपली केली. पंधरा नावांवर आमचं जमलं, सोळाव्यावर अडलं. सर म्हणाले मन्मथ, मी म्हणालो अकरा नंबर. संघाबरोबर नांदेडला मी जाणार होतो, म्हणून शेवटचा शब्द माझा. मी अकरा नंबर लिहून सही केली. त्यावर त्यांनीही केली, थोडं थांबून.

मग मॅडमनी पाकिटं उघडली. कादरी सरांची पहिल्या सकाळची यादी आणि आताची यादी यांत बराच फरक होता. तीन दिवसांत त्यांनी निम्मी नावं बदलली होती. माझी पंधरा नावं जशीच्या तशी होती. सोळावं बदललं तेही त्या पोराचा पाय मुरगळला म्हणून.

"सर," मॅडम म्हणाल्या, "मग तीन दिवस पोरं कशाला पळवली?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. त्यांनी माझी वही आणि आपल्या रेघा शेजारी ठेवल्या. घाबरतो आणि समज आहे, या दोन शब्दांवर बोट ठेवलं. चेंडू सगळ्यांत कमी वेळा गमावलेला नंबर शेहेचाळीस होता. लाज वाटली होती, पण बाहेर आला तो राग. "मॅडम, फुटबॉल म्हणजे तुमच्या रेघा नव्हेत. पोरात पाणी असावं लागतं."

"नव्हेतच सर. म्हणून यादी मी केली नाही, तुम्ही केलीत."

कादरी सर रांजणावर झाकण ठेवत म्हणाले, "शितावरून भात बघायला हरकत न्हाई. पण शीत तरी चाखा की मास्तर. एक नाव बदललं तर जिल्हा बुडत न्हाई."

"सही झाली सर," मी म्हणालो. कागदाची घडी केली, पायरीवर उभा राहून सोळा नंबर मोठ्याने वाचले आणि निघालो.

फाटकापाशी तो सायकल धरून उभा होता. दोरी तशीच, आतल्या वेढ्यांत अजून ओलसर. वाट अडवली नाही, बाजूलाच उभा होता. मी जवळ आल्यावर म्हणाला, "सर, माझं काय चुकलं?"

वाईट वाटत होतं, म्हणून मी खांद्यावर हात ठेवला आणि तोंडावर असलेला शब्द बोलून गेलो. "खेळ बरा आहे रे तुझा. पाणी कमी पडलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर गोंधळ, आणि मग घाईने खुलासा केल्यासारखं, "न्हाई सर. रोज आठ घागरी भरूनच येत होतो. मळ्याच्या हिरीवरून, दोन-दोन करून, चार खेपा. आजच्याला तर दहा आणल्या, शेजारच्या काकूच्या बी. कमी न्हाई पडलं, सर. आईला विचारा."

मी त्याला शब्दाचा अर्थ समजावून सांगू शकलो नाही. काय सांगणार होतो? चार खेपा मारून, मग सायकल दामटत येऊन तो मैदानावर उभा राहत होता, आणि मी त्याचे खांदे बघून ठरवत होतो त्याच्यात काय नाही ते. विहिरीवरची ती ओली दोरी तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढे होती.

"उद्यापासून उजाडायच्या आधीच खेपा मारतो," तो म्हणाला. "मंग चालंल का?"

"यादी गेली रे आता," मी म्हणालो.

"हाव सर," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला.

नांदेडात आम्ही एक सामना जिंकलो आणि एक हरलो. गोदावरीचं पात्र वाळूने भरलेलं, पुलावरून बघवत नव्हतं. जुने सोबती आले, पाठीवर थाप मारून गेले. अकरा नंबरचं पोरगं बरं खेळलं, त्याच्याबद्दल मला कधी तक्रार करता आली नाही. मन्मथ असता तर दुसरा सामना जिंकलो असतो का? कुणी सांगावं. न घेतलेल्या खेळाडूचा सामना कुठेच होत नाही, आणि त्यामुळे आम्हा निवडणाऱ्यांची चूक कधी उघडी पडत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसं भांड्याचं वजन तुपात खपून जातं. पुढच्या वर्षी मन्मथ कागदावर मोठा झाला. तो मैदानावर परत दिसला नाही.

हा किस्सा मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितला. एक जूनची गोष्ट सांगितली की लोक हसतात, आठ घागरी आल्या की गप्प होतात. सांगून सांगून तो गोटीसारखा गुळगुळीत झाला आहे. शेवटी मी उसासा टाकून म्हणतो, पण तोवर यादी गेली होती ना. मग ऐकणारेही उसासा टाकतात. नशिबाचा खेळ, असं म्हणतात.

परवा मी त्या निवडीला गेलो. मुली रांगेत उभ्या होत्या. आता जन्मदाखले दवाखान्यातून येतात, पोरी बाराही महिन्यांत जन्मलेल्या. एक मुलगी उशिरा आली, धापा टाकत. माझ्या मनात तिचा शेरा तयार झाला, आपोआप, इतक्या वर्षांनीही. मी वही मिटली आणि तिला विचारलं, "सकाळपासून काय करून आलीस, बाळा?" ती घाबरली. तिला वाटलं, मी रागावलो.

मधल्या सुट्टीत ती प्रशिक्षक मुलगी चहा घेऊन आली. म्हणाली, "सर, तुमचा तो पाणी नाहीवाला किस्सा मी आमच्या कोर्समध्ये सांगितला. त्या मुलाचं वाईट वाटतं. पण तुम्ही तरी काय करणार होता? यादी गेली होती."

मी चहाचा घोट घेतला आणि नेहमीसारखी मान हलवली. तिला सांगायला हवं होतं, ते इथे सांगतो. यादी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत द्यायची होती. फाटकापाशी तो विचारत होता तेव्हा ती माझ्या शर्टाच्या खिशात होती, आणि खिशाला पेन लावलेलं होतं.